एकच चाकोरी, एकच स्टेपनी: कॅम्पर ट्रेलरची चाकं आणि एक्सल गाडीला कसे जुळवायचे

शहाद्याहून तोरणमाळला निघालो होतो. सातपायरी घाट अजून लागायचा होता, तेवढ्यात माझ्या पहिल्या कॅम्पर ट्रेलरचा, म्हणजे गाडीमागे ओढायच्या, झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेल्या डब्याचा, डावा टायर बसला. बाजूला कापला गेला होता, म्हणजे पंक्चर काढून भागणार नव्हतं. जीपला मागे चांगली भरदार स्टेपनी होती, पण ती पाच बोल्टची, पंधरा इंची. ट्रेलरची चाकं चार बोल्टची, बारा इंची. ट्रेलरची वेगळी स्टेपनी घेऊ घेऊ म्हणत राहूनच गेली होती. ट्रेलर एका घराच्या अंगणात लावला, मुलांना जीपमध्ये घालून परत शहाद्याला आलो. त्या मापाचा टायर दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाला.

घरी आल्यावर गल्लीतल्या आबांना हे सांगितलं. आबांनी आयुष्यभर बैलगाडी हाकली. ते ट्रेलरभोवती एक चक्कर मारून आले, वाकून चाकाकडे पाहिलं आणि म्हणाले, "चाकोरीमा चाल भाऊ, चाकोरीमा!" मग मागच्या शेतरस्त्यावर नेऊन त्यांनी मला चिखलातले ठसे दाखवले. जीपच्या दोन रेघा, आणि त्यांच्या आत प्रत्येकी वीतभर अंतरावर ट्रेलरच्या दोन. एका वाटेवर चार चाकोऱ्या. काळ्या मातीत जीपनं दाबून दिलेली वाट सोडून ट्रेलर स्वतःची नवी वाट खणत चालला होता, आणि ती खणायचं सगळं ओझं जीपच्या इंजिनावर होतं.

दुसरा ट्रेलर बांधला तो हे दोन धडे धरून. ट्रेलरची चाकं गाडीच्याच चाकांसारखी, आणि ट्रेलरची रुंदी गाडीच्याच चाकोरीची. नव्यानं ट्रेलर बांधून घेणाऱ्यांसाठी ती रीत पहिल्यापासून सांगतो.

आधी वजन आणि कागद

बहुतेक जण आधी डबा बांधतात आणि चाकांचा विचार शेवटी करतात. उलटं करा. वहीत लिहा: चौकट आणि डबा किती किलो, गादी, तंबू, स्वयंपाकाचं सामान, गॅसची टाकी, बॅटरी, पाणी. पाणी लोक विसरतात. ८० लिटरची टाकी भरली की ८० किलो वाढले. माझी बेरीज अशी होती: रिकामा ट्रेलर ३३०, पाणी ८०, बाकी सगळं १५०, एकूण ५६० किलो. ही भरलेल्या ट्रेलरची बेरीज, आणि पुढचं सगळं गणित याच आकड्यावर चालतं.

नंतर गाडीचं मॅन्युअल काढा. ओढायचं जास्तीत जास्त वजन आणि हुकावर येणारा भार तिथं पाहा. काही गाड्यांना कंपनीनं ट्रेलर लावायला मनाईच केलेली असते. तसं असेल तर तिथंच थांबा. डबा कितीही हलका केला तरी ती गाडी या कामाची नाही. मनाई नाही आणि आकडाही नाही, तर कंपनीकडून लेखी विचारून घ्या.

कागदांचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ नुसार ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे, त्याला स्वतःची नोंदणी आणि स्वतःचा नंबर लागतो. केंद्राच्या २००४ च्या अधिसूचनेत खासगी वापराचा कॅम्पर ट्रेलर परिवहनेतर वाहनांच्या यादीत आहे. एकूण वजन ७५० किलोपर्यंत असेल तर ट्रेलर टी१ गटात येतो, त्यापुढे साडेतीन टनांपर्यंत टी२ गटात. नवशिक्यानं ७५० च्या आतच राहावं, असं माझं स्पष्ट मत आहे. धुळं असो, जळगाव असो की नंदुरबार, लोखंड कापण्याआधी ट्रेलरचा आराखडा घेऊन आरटीओत जा आणि काय काय लागेल ते विचारून या. बांधून झाल्यावर बदल करणं फार महागात पडतं.

गाडीचं चाक मोजा

एक चाक काढून जमिनीवर ठेवा. मोजायच्या गोष्टी पाच: बोल्टची संख्या, पीसीडी, मधलं भोक, ऑफसेट आणि नटाचा प्रकार. एक्सलच्या टोकाला चाक ज्यावर बोल्टनं बसतं तो हब, आणि चाकाचा हबला टेकणारा भाग रिमच्या मध्यापासून किती सरकलेला आहे तो ऑफसेट. तो मोजायची रीत पुढे येते.

पीसीडी म्हणजे सगळ्या बोल्टच्या मध्यांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. चार किंवा सहा बोल्ट असतील तर समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत टेप लावा, झालं. पाच बोल्टना समोरासमोर जोडी नसते, तिथं लोक चुकतात. शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर मोजा आणि त्याला १.७०१ नं गुणा. अंतर ८२ मिलिमीटरच्या आसपास आलं तर पीसीडी १३९.७, म्हणजे साडेपाच इंच. ६७ च्या आसपास आलं तर ११४.३, म्हणजे साडेचार इंच. भोकाचा मध्य नेमका सापडत नाही, म्हणून एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्याच कडेपर्यंत मोजा. तेच अंतर येतं आणि चूक होत नाही.

जिप्सी आणि जिम्नी दोन्हींना ५×१३९.७ आहे. जुन्या विलीज जीपपासून चालत आलेलं मापही हेच. फॉर्च्युनर आणि व्ही-क्रॉसला ६×१३९.७ आहे. इथं एक फसगत होते. १३९.७ हा आकडा सारखा दिसला म्हणून पाच बोल्टचं चाक सहा बोल्टच्या हबवर बसत नाही. आणि तुमची गाडी यातली असली तरी मोजा. जुन्या गाड्यांचे हब मधल्या काळात कुणी कुणी बदललेले असतात.

मधलं भोक हबच्या डोक्यावर बसलं पाहिजे. जिम्नीचं मधलं भोक १०८ मिलिमीटरचं, म्हणजे बरंच मोठं. ट्रेलरचा हब त्याहून लहान डोक्याचा असेल तर चाक बसतं खरं, पण मधोमध धरायला फक्त नटच उरतात. लेथवाल्याकडून हबच्या डोक्यावर कडं बसवून घ्या. काम अर्ध्या तासाचं आहे.

नटाचं टोक पाहा. तिरकं शंकूसारखं, गोल चेंडूसारखं, की सपाट वॉशरचं? रिमची बैठक ज्या आकाराची, त्याच आकाराचा नट हवा. शंकूच्या बैठकीवर सपाट नट आवळला तर सुरुवातीला घट्ट वाटतो, पण खड्ड्यांच्या रस्त्यावर सैल पडतो. ट्रेलरच्या हबला स्टडसुद्धा (नट ज्यांवर आवळतात ते बोल्ट) गाडीच्याच आट्यांचे बसवा. सुझुकीच्या जिम्नीला ते एम१२×१.२५ असतात. असं केलं की एकच पाना आणि एकाच जातीचे जादा नट बरोबर ठेवायचे.

पीसीडी जुळत नसेल तर कुणीतरी सुचवतं, "मध्ये ॲडाप्टर टाकू", किंवा "जुन्या हबला नवीन भोकं मारू". दोन्ही टाळा. जुन्या भोकांच्या शेजारी नवी भोकं पाडली की मधलं लोखंड पातळ राहतं, आणि चाकाचा सगळा भार तेवढ्याच लोखंडावर येतो. जळगावच्या किंवा धुळ्याच्या एमआयडीसीत लेथवाले ईएन८ स्टीलमधून हव्या त्या पीसीडीचा हब करून देतात. नव्या हबला जास्त पैसे पडतील, पण जन्माची काळजी मिटेल.

चाकोरीचं गणित

आबांनी चिखलात दाखवलेली गोष्ट ती हीच.

चाकोरी म्हणजे डाव्या टायरच्या मध्यापासून उजव्या टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर, ज्याला मेकॅनिक ट्रॅक म्हणतात. गाडी सपाट जागेवर उभी करा. डाव्या टायरच्या बाहेरच्या कडेपासून उजव्या टायरच्या आतल्या कडेपर्यंत जमिनीलगत टेप धरा. मध्य शोधायची गरज नाही, मिळालेला आकडाच ट्रॅक. पुढचा आणि मागचा थोडा वेगळा असतो. जिम्नीचा पुढचा १३९५ आणि मागचा १४०५ मिलिमीटर आहे. मागचा धरा, कारण ट्रेलर मागच्या चाकांच्या मागून चालतो. दहा-वीस मिलिमीटर इकडेतिकडे झाले तरी ठसा ठशावरच पडतो.

आता ऑफसेट. चाक पालथं घाला, म्हणजे आतली बाजू वर. रिमच्या काठावर सरळ पट्टी आडवी ठेवा आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या सपाट भागापर्यंतची खोली मोजा. मग काठापासून काठापर्यंत रिमची पूर्ण रुंदी मोजा. खोलीतून रुंदीचा निम्मा भाग वजा केला की ऑफसेट मिळतो. समजा खोली ९५, रुंदी १६५. निम्मे ८२.५. ऑफसेट १२.५ मिलिमीटर.

एक्सलवाल्याला ट्रॅक सांगून भागत नाही. त्याला सांगायचं असतं ते हबच्या तोंडापासून हबच्या तोंडापर्यंतचं अंतर, आणि ते असं निघतं: ट्रॅक अधिक दोन वेळा ऑफसेट. ट्रॅक १४०० आणि ऑफसेट १२.५ असेल तर १४०० अधिक २५, म्हणजे १४२५. ऑफसेट उणे असेल, म्हणजे चाक बाहेर फेकलेलं असेल, तर तेवढं वजा करायचं. हीच पायरी गाळून अनेकांचे एक्सल चुकतात. ट्रॅकचाच आकडा हबचा म्हणून दिला जातो आणि ट्रेलर गाडीपेक्षा अरुंद होतो.

गाडीला नंतर रुंद रिम किंवा स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) टाकायचा विचार असेल तर तो आधी टाका, मग मोजा.

आता वळणाची गोष्ट, कारण तोरणमाळला किंवा कन्नडच्या घाटात तिचा अनुभव येतो. चाकोरी कितीही जुळवली तरी ती सरळ रस्त्यावरच जुळते. वळणात ट्रेलर आतून जातो. गाडीचा मागचा एक्सल ८ मीटर त्रिज्येनं वळतोय, हुक त्याच्या मागे १ मीटरवर आहे आणि हुकापासून ट्रेलरचा एक्सल ३ मीटरवर आहे, असं धरलं तर ट्रेलर साधारण साडेसात मीटरच्या त्रिज्येनं फिरतो. म्हणजे अर्धा मीटर आत. घाटातल्या वळणावर आतल्या बाजूला दगडी कठडा असतो, पावसाळ्यात नाली असते. वळण थोडं उशिरा आणि थोडं बाहेरून घ्या. ट्रेलरचा हुकापर्यंतचा दांडा जितका लांब, तितका ट्रेलर जास्त आत ओढला जातो. पण फार आखूड दांड्याचा ट्रेलर मागे घेताना क्षणात आडवा होतो, म्हणून मी मधलीच लांबी पसंत करतो.

एक्सल: मजबूत हवा, पण फाजील जड नको

आपल्याकडे एक्सल म्हटलं की भंगारातून जीपचं मागचं हाउसिंग (एक्सलचं लोखंडी कवच) आणायची पद्धत आहे. चाकं गाडीचीच बसतात, ब्रेकचे ड्रम आयते मिळतात, ट्रॅकही जुळतो. म्हणून मोह होतो, मलाही झाला. पण आत डिफरन्शिअलचा, म्हणजे चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरांचा, लोखंडी गोळा राहतो. ते सगळं वजन पाट्यांच्या (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) खाली लटकतं आणि खड्ड्यागणिक उड्या मारतं. त्यात जीपचे पाटे असतात गाडीच्या वजनाला जमतील असे. ५६० किलोच्या ट्रेलरला ते लाकडासारखे कडक. सावद्याहून रावेरकडे जाताना केळीच्या ट्रॅक्टरांनी उखडलेल्या एका शेतरस्त्यावर मी असा ट्रेलर पाहिला आहे. चाकं जमिनीवर कमी आणि हवेत जास्त होती. आतली अंडी-दुधाची पेटी कशी राहिली असेल ते विचारू नका.

चाकं गाडीची घ्या, एक्सल ट्रेलरच्या वजनाचा घ्या. चौकोनी भरीव लोखंडाचा सरळ डेड एक्सल (इंजिनाची ताकद न घेणारा, नुसता भार पेलणारा), दोन्ही टोकांना स्टब (हब बसायचे खुंट), त्यावर टेपर रोलर बेअरिंगचे हब. एक्सलची क्षमता भरलेल्या वजनापेक्षा पाव ते तिसऱ्या हिश्श्यानं जास्त असली म्हणजे पुरे. ५६० किलोला ७५० किलोचा एक्सल योग्य. पाटे वजनाप्रमाणे निवडा. पूर्ण भरल्यावर ते थोडे बसलेले दिसले पाहिजेत. रिकामे आणि भरलेले सारखेच ताठ दिसत असतील तर एखादा पाटा काढा. सोबत शॉकॲब्सॉर्बर लावले तर खान्देशातल्या रस्त्यांवर फार फरक पडतो.

मिस्तरीला कागदावर एवढं लिहून द्या: हबच्या तोंडापासून तोंडापर्यंतचं अंतर, पाट्यांच्या मध्यांमधलं अंतर, पीसीडी आणि स्टडचा आटा, हबच्या डोक्याचा व्यास, एक्सलवर येणारा भार. तोंडी सांगू नका. मिस्तरी हुशार असतो, पण त्याच्याकडे दिवसात दहा कामं असतात आणि तोंडी आकडा हातोड्याच्या आवाजात हरवतो. स्टब वेल्ड करण्याआधी दोन्ही सरळ रेषेत आहेत का, हे स्वतः उभं राहून पाहा. नंतर दोन्ही चाकं बसवून एक्सलच्या पुढे आणि मागे, टायरच्या मध्यातून मध्यापर्यंत मोजा. दोन्ही आकड्यांत दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर चाकं वाकडी चालतील आणि टायर करवतीसारखे घासले जातील.

चाकाच्या आतल्या बाजूला चौकटीपासून तीन-चार सेंटिमीटर मोकळे ठेवा. वर मडगार्डपर्यंत आठ-दहा. पाटा पूर्ण दाबला गेल्यावरसुद्धा टायर कशालाही लागता कामा नये.

टायर

गाडीला १९५/८० आर १५ असेल तर ट्रेलरलाही तोच. बोलेरोसारखा २१५/७५ आर १५ असेल तर तोच. ट्रेलरचं चाक मोकळं फिरतं, म्हणून त्याचा व्यास गाडीपेक्षा थोडा वेगळा असला तरी ट्रेलरला काही होत नाही. पण तीच स्टेपनी उद्या गाडीला लागणार आहे. फोर बाय फोर गाडीत एका एक्सलवर एक चाक लहान आणि एक मोठं चाललं तर आतल्या गिअरना ते झेपत नाही. म्हणून सातही टायर एका मापाचे आणि शक्यतो एकाच कंपनीचे घ्या: गाडीचे चार, ट्रेलरचे दोन, स्टेपनी एक.

मोठ्या चाकाचा आणखी एक फायदा बेअरिंगला होतो. १९५/८० आर १५ चा व्यास साधारण ६९३ मिलिमीटर, म्हणजे किलोमीटरला सुमारे ४६० फेरे. माझ्या जुन्या बारा इंची १४५/८० आर १२ चा व्यास ५३७, म्हणजे सुमारे ५९० फेरे. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ ला टेकतो, डांबर त्याहून तापतं. अशा दिवशी किलोमीटरमागे १३० फेरे कमी म्हणजे बेअरिंगला तेवढी विश्रांती. शिवाय मोठं चाक खड्ड्यात कमी उतरतं आणि एक्सल जमिनीपासून आठ सेंटिमीटर उंच राहतो.

टायरच्या बाजूला मापानंतर एक आकडा असतो, तो भार सांगतो. ९६ म्हणजे एका टायरला ७१० किलो, १०० म्हणजे ८०० किलो. ५६० किलोच्या ट्रेलरला हे भरपूर आहे, आणि म्हणूनच हवा गाडीइतकी ठासून भरू नका. टायर फार कडक झाला तर हलका ट्रेलर नाचतो. सकाळी टायर थंड असताना हवा मोजा. दुपारी गरम टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो, तो सोडायचा नाही.

ट्रेलरचे टायर झिजून जात नाहीत, वयानं जातात. बाजूवर चार आकड्यांचा शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी सहा वर्षांनंतर बाजूच्या भेगा नीट तपासा. सातही टायर एकसारखे असल्यानं मी दरवर्षी ट्रेलरचे दोन गाडीला आणि गाडीचे दोन ट्रेलरला लावतो. कुठलाच टायर नुसता उन्हात उभा राहून वाया जात नाही.

उलाळ होऊ देऊ नका

बैलगाडीत मागे जास्त माल भरला की धुऱ्या वर उठतात, गाडी उलाळ होते. पुढे जास्त भरला की बैलांच्या मानेवर ओझं येतं. ट्रेलरचं अगदी तसंच आहे, फक्त मान गाडीच्या हुकाची. उलाळ ट्रेलर ७०-८० च्या वेगात शेपटीसारखा डोलायला लागतो. सुरतेहून धुळ्याकडे येणाऱ्या महामार्गावर मोठा ट्रक शेजारून गेला की त्याच्या वाऱ्यानं हे डोलणं सुरू होतं, आणि मग आवरणं कठीण.

हुकावर एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा यावा. ५६० किलोला ५५ ते ६० किलो. हा आकडा गाडीच्या मॅन्युअलमधल्या हुकाच्या मर्यादेत बसला पाहिजे. एक्सल कुठे लावायचा ते यावरून ठरतं. हुकापासून एक्सलपर्यंत ३ मीटर असतील, तर भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा मध्यबिंदू एक्सलच्या ३० सेंटिमीटर पुढे आला की हुकावर बरोबर दहावा हिस्सा येतो. म्हणून एक्सल डब्याच्या मध्याच्या थोडा मागे लावतात. पाण्याची टाकी मात्र एक्सलच्या अगदी वर ठेवा. ती पुढे असेल तर भरलेली आणि रिकामी यात हुकाचा भार बदलत राहतो.

मोजायला वजनकाटा शोधा. जिनिंगचा किंवा भंगारवाल्याचा मोठा काटा एकूण वजनाला चालतो, पण तो पाच-दहा किलोच्या पटीतच दाखवतो. हुकाचा भार मोजायला धान्याच्या आडतीतला प्लॅटफॉर्म काटा उत्तम. ट्रेलर सपाट जागेवर, चाकांना दगड लावून, काट्यावर असा लाकडी ठोकळा ठेवा की काटा धरून उंची हुकाएवढी होईल, आणि दांडा त्यावर टेकवा. प्रवासाला निघताना जसं सामान असेल तसंच भरून मोजा. रिकामा ट्रेलर मोजण्यात काही अर्थ नाही.

चाकं गाडीएवढी असली की ट्रेलर आपोआप गाडीच्या उंचीला येतो असं नाही. गाडीला जोडल्यावर चौकट जमिनीला समांतर दिसली पाहिजे. नसेल तर हुकाची उंची बदला, पाटे एक्सलच्या वरून-खालून करत बसू नका. सुरक्षा साखळ्या दांड्याखाली फुलीसारख्या लावा. मागचे दिवे गाडीच्या दिव्यांबरोबर लागतात का, ते दर वेळी पाहा.

बेअरिंग आणि पहिली फेरी

बैलगाडीच्या तुंब्यात वंगण घालायला आबा विसरले असं कधी झालं नाही. ट्रेलरच्या हबचं दुर्दैव असं की तो झाकलेला असतो, म्हणून सगळे विसरतात.

बेअरिंग हातानं ग्रीसनं भरा. तळहातावर लिथियम ग्रीसचा गोळा घ्या आणि बेअरिंगची रुंद बाजू त्यात दाबत राहा, दुसऱ्या बाजूनं रोलरांच्या मधून ग्रीस बाहेर येईपर्यंत. वरवर माखलेलं ग्रीस आत जात नाही. हब बसवल्यावर चाक फिरवत फिरवत नट आवळा, म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग नट सैल करून नुसत्या बोटांनी लागेल तेवढाच घट्ट करा आणि स्प्लिट पिन घाला. चाक वर-खाली धरून हलवलं तर अगदी किंचित हललं तर चालेल, खटखट आवाज नको. घट्ट आवळलेलं बेअरिंग पहिल्या उन्हाळ्यातच जळतं.

पहिली फेरी लांबची करू नका. चाळीसगावकरांना पाटणादेवी ठीक, धुळेकरांना लळिंग. वीस-पंचवीस किलोमीटरनंतर सावलीत थांबा आणि हबच्या टोपीला हात लावा. ब्रेक नसलेला हब कोमट लागला तर ठीक. हात ठेववत नसेल तर बेअरिंग घट्ट आहे किंवा ग्रीस कमी आहे. एक हब गरम आणि दुसरा थंड असेल तर गरम असलेला लगेच उघडा. पन्नास किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा पान्यानं तपासा, नवा रंग आणि नव्या बैठका दबून नट सैल पडतात. त्याच दिवशी मऊ मातीचा एखादा शेतरस्ता गाठा, थोडं चालवा, उतरून मागे वळून ठसे पाहा. दोनच रेघा दिसल्या पाहिजेत.

पावसाळ्यात फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर आत घुसू नका, हे वेगळं सांगायला नको. पण घोटाभर पाण्यातून जावंच लागलं तर आधी दहा मिनिटं थांबा. तापलेला हब एकदम गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ग्रीस दुधासारखं पांढरट झालेलं दिसलं तर तेच झालं आहे. अशा प्रवासानंतर घरी आलं की हब उघडा, जुनं ग्रीस रॉकेलनं धुऊन काढा, बेअरिंग वाळवा, नवं भरा. एरवी वर्षातून एकदा. मी ते दत्तजयंतीच्या आधी करतो, कारण त्यानंतर आमची पहिली फेरी सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला असते. तापीकाठच्या गाळात ट्रेलर उभा करायचा असतो, आणि निघताना तो गाडीच्याच दोन रेघांतून बाहेर यायला हवा.